पदवीनंतर सैन्यात जायचंय: जवान व्हायचं की अधिकारी, हे कसं ठरवायचं

आमच्या साताऱ्याकडे पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर गेलात तर भरतीसाठी धावणारी मुलं दिसतात. त्यातली निम्मी-अर्धी कॉलेजात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करत असतात. अग्निवीरची, म्हणजे चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या जवानांची जाहिरात कधी येते, मेरिट कितीवर लागलं, सोळाशे मीटरला किती वेळ लागतो हे त्यांना तोंडपाठ असतं. त्याच पदवीवर आपण लष्करात लेफ्टनंट होऊ शकतो, हे मात्र अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांनी ऐकलेलं असतं त्यांनाही ते शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांचं काम वाटतं.

मी चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेतलं. माझे थोरले चुलते शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार म्हणून, म्हणजे जवानांतून बढतीने मिळणाऱ्या पण लेफ्टनंटच्या खालच्या पदावरून निवृत्त झाले. त्यामुळे या दोन्ही वाटा मी घरातूनच पाहिल्या आहेत. दोन्ही मानाच्या आहेत. पण जवान म्हणून लागलं की आपोआप वर चढत अधिकारी होता येतं, हा समज चुकीचा आहे. दोन्हींची परीक्षा वेगळी, वयाची अट वेगळी आणि रोजचं कामही वेगळं. म्हणून निवड आधी करा, धावायला नंतर सुरुवात करा.

१. सगळ्यात आधी जन्मतारीख बघा

आवड, घरची परिस्थिती, मित्र काय करतात हे सगळं नंतर. आधी वय, कारण वयाची अट एका दिवसानेही शिथिल होत नाही.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते २१ ठरवलं होतं, फक्त पहिल्या वर्षी ते २३ पर्यंत वाढवलं. आता प्रत्येक जाहिरातीत जन्मतारखेची 'या दिवसापासून या दिवसापर्यंत' अशी मर्यादा छापलेली असते. तीच वाचा, यूट्यूबवर कुणी काय सांगितलं यावर जाऊ नका. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी घेणारा मुलगा पदवी हातात येईपर्यंत २१ च्या आसपास असतो. म्हणजे पदवी पूर्ण करून मग अग्निवीर बघू, असं म्हणणाऱ्याचं दार बहुतेक वेळा बंद झालेलं असतं किंवा एखादीच संधी उरलेली असते.

अधिकाऱ्याचं दार उलट पदवीच्या वेळी उघडतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षेत डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी म्हणजे आयएमएसाठी साधारण १९ ते २४ आणि चेन्नईच्या अकॅडमीसाठी म्हणजे ओटीएसाठी १९ ते २५ असं वय चालतं. हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेत ग्राउंड ड्युटीला, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखांना २६ पर्यंत वाव आहे. इंजिनिअर असाल तर लष्कराच्या तांत्रिक प्रवेशाला २७ पर्यंत. जातीनिहाय आरक्षण किंवा वयात सवलत या परीक्षांमध्ये नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रातल्या मुलांना जनरल ड्युटी अग्निवीरसाठी १६८ सेंटिमीटर उंची लागते. लष्करी अधिकाऱ्यासाठी पुरुषांची किमान उंची साधारण १५७ सेंटिमीटर आहे. भरतीच्या मैदानावर उंचीच्या खांबापाशी बाहेर काढलेली कितीतरी मुलं 'आर्मी आपल्या नशिबात नाही' म्हणून घरी बसतात. त्यातल्या पदवीधरांना सीडीएसचं दार उघडं असतं, आणि हे त्यांना तिथे कुणीही सांगत नाही.

२. रोज काय करायला आवडेल, ते स्वतःला विचारा

पगारापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

जवान एका कामात निष्णात होतो. मशीनगन, मॉर्टर, रेडिओ, ट्रक, रणगाडा, जे हातात येईल त्यात त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, अशी त्याची तयारी होते. पायदळात तो आपल्या पलटणीतच राहतो आणि पलटण हलली की तिच्याबरोबर हलतो. पंधरा-वीस वर्षं तीच माणसं, तोच लंगर, तेच सण. माझ्या चुलत्यांच्या घरी आजही कुणाचं लग्न असलं की अर्धा मांडव पलटणीतल्या माणसांनी भरतो.

अधिकाऱ्याच्या हाती माणसं दिली जातात. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी तुम्ही लेफ्टनंट होता आणि तीसेक जवानांची प्लॅटून तुमच्याकडे येते. त्यातले बरेच तुमच्यापेक्षा वयाने, अनुभवाने मोठे असतात. तुमचा सुभेदार तुमच्या वडिलांच्या वयाचा असू शकतो, तो तुम्हाला 'साहेब' म्हणतो आणि तुम्हीही त्याला 'साहेब' म्हणता. गस्तीचा मार्ग ठरवणं, चूक झाली तर जबाबदारी घेणं, हे तर आहेच. पण दिवसाचा मोठा भाग वेगळ्याच गोष्टींत जातो: कुणाची सुट्टी अडली, कुणाच्या घरी जमिनीचा वाद पेटलाय, कुणाची बायको बाळंतपणाला एकटी आहे, कुणाच्या मुलाचा शाळेत दाखला होत नाही. हे ऐकून घ्यायला, त्यावर पत्रं लिहायला आणि रात्री पुन्हा चौकीवर फेरी मारायला ज्याला मनापासून आवडेल, त्याने अधिकारी व्हावं. फक्त खांद्यावरचे तारे डोळ्यांपुढे असतील तर पहिल्या वर्षातच जीव कंटाळेल. अधिकाऱ्याची बदलीही जास्त होते, दोन-तीन वर्षांत नवं ठिकाण, कधी नवी जबाबदारी.

मराठा लाइट इन्फंट्रीत जाण्याचं स्वप्न असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बेळगावच्या सेंटरमधून बाहेर पडणारे जवान बहुतांश मराठीभाषक असतात, पण अधिकारी देशाच्या कोणत्याही भागातले असतात आणि ते आपल्या जवानांची भाषा शिकतात. मराठी अधिकाऱ्याला हीच रेजिमेंट मिळेल अशी खात्री नसते, अकॅडमीत पसंती विचारतात आणि पुढचं तिथे ठरतं.

३. पैसा, मुदत, पेन्शन: आकडे डोळ्यांसमोर ठेवा

अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. सरकार तेवढीच रक्कम भरतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतले २५ टक्क्यांपर्यंत जवान नियमित सेवेत घेतले जातात आणि ते पुढे किमान १५ वर्षं राहतात. निवड करताना 'मी त्या पंचवीस टक्क्यांत असेनच' असं धरून चालू नका. चार वर्षांनी पंचविशीत बाहेर आलो तर काय करणार, याचं उत्तर आजच असायला हवं. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा आहेत, पण तिथेही परीक्षा द्यावीच लागते.

अधिकाऱ्याला प्रशिक्षणातच महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. लेफ्टनंटचं मूळ वेतन तिथूनच सुरू होतं, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. आयएमएतून परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक मिळते आणि २० वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस मिळते: आधी १० वर्षं, मग परमनंट कमिशनसाठी निवड, किंवा ४ वर्षांची वाढ, किंवा बाहेर. शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडल्यास पेन्शन मिळत नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर हा फरक आई-वडिलांना आधीच समजावून सांगा.

४. पदवीधरासाठी अधिकारी होण्याची कोणकोणती दारं आहेत

सीडीएस वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, जाहिरात काही महिने आधी येते. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि दहावीच्या पातळीचं गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे पेपर. ओटीएसाठी गणित लागत नाही. कला शाखेच्या मुलांनी इथे थांबून हे वाक्य पुन्हा वाचावं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठीत नसते. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. नौदलाच्या एळिमला अकॅडमीसाठी इंजिनिअरिंगची पदवी लागते, हवाई दलाच्या अकॅडमीसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंग. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर अशी केंद्रं आहेत, गोव्यातल्यांना पणजी. केंद्र 'आधी अर्ज, आधी जागा' तत्त्वावर मिळतं, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, नाहीतर परीक्षेसाठी दुसऱ्या राज्यात जावं लागेल.

एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान बी ग्रेडने मिळालेलं असेल आणि पदवीला ५० टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं. कॉलेजात पहिल्या वर्षाला असाल तर आजच एनसीसी ऑफिसात नाव घाला, कारण तिसऱ्या वर्षी ही संधी उरत नाही.

कायद्याच्या पदवीधरांना जज ॲडव्होकेट जनरल शाखा, इंजिनिअरांना तांत्रिक प्रवेश, आणि पदवीला ६० टक्के असतील तर हवाई दलाची एएफकॅट. मुलींना सीडीएसमधून ओटीए, एनसीसी प्रवेश, एएफकॅट, नौदल हे सगळं खुलं आहे. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना परमनंट कमिशन देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला, आणि खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. 'मुलींना तिथे काय भविष्य' असं म्हणणाऱ्या काकांना एवढं सांगितलं तरी पुरे. जवान म्हणून मुलींना मिलिटरी पोलीस कोअरमध्ये जाता येतं.

या सगळ्यात फारसं कुणाला माहीत नसलेलं ठिकाण म्हणजे नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र. राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचं आहे. सीडीएसच्या लेखी परीक्षेचे आणि मुलाखतीच्या तयारीचे वर्ग तिथे होतात, राहणं-जेवण मोफत. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करा, प्रवेशाची मुलाखत तिथूनच होते. खासगी क्लासला लाख-सव्वा लाख भरण्याआधी हा फेरा नक्की मारा.

५. एसएसबी: खरी निवड इथे होते

लेखी परीक्षा हा फक्त प्रवेशाचा पास. निवड पाच दिवसांच्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात होते. लष्कराची मंडळं प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू आणि पंजाबात जालंधर इथे आहेत.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्ता चाचणी, मग एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात आणि ती गटात सांगून चर्चा करायची. बरीच मुलं इथूनच संध्याकाळच्या गाडीने परत फिरतात. त्या चर्चेत सगळे एकदम ओरडत असतात. तुम्ही ओरडू नका, पण गप्पही बसू नका. दोन-तीन वेळा स्वच्छ, ऐकू जाईल असं बोललात आणि दुसऱ्याचं ऐकलंत तरी ते टेबलामागच्या लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या. चित्रांवर गोष्टी, त्यात शेवटची पाटी कोरी असते. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, त्यावर मनात येईल ते वाक्य. ६० प्रसंग, ३० मिनिटं. पुस्तकातली तयार उत्तरं पाठ करून जाणारे इथेच पकडले जातात, कारण पन्नासाव्या शब्दाला पाठांतर संपतं आणि खरा माणूस कागदावर उतरतो. तयारी करायची तर वेळ लावून लिहिण्याची करा, उत्तरांची नको.

पुढचे दोन दिवस मैदानावर. फळ्या, दोरी, पिंप घेऊन अडथळे पार करणं, गटाने योजना आखणं, तीन मिनिटांचं भाषण, एकट्याने अडथळे, आणि तुम्हाला सहकारी देऊन एखादं काम. ज्याने गावात गणपती मंडळाची वर्गणी गोळा केली आहे, कबड्डीचा संघ उभा केला आहे, ऊसतोडीच्या दिवसांत घरचं सगळं सांभाळलं आहे, त्याच्या अंगात या गोष्टी आधीच असतात. त्या बाहेर येऊ द्यायच्या.

मुलाखत तुम्ही भरलेल्या माहितीपत्रकावरून होते, त्याला पीआयक्यू म्हणतात. वडील शेतकरी असं लिहिलं असेल तर किती एकर, पाणी कुठलं, यंदा सोयाबीनला भाव काय मिळाला, घरात कर्ज आहे का, असे प्रश्न येतात. ते गरिबी मोजत नसतात. घरात काय चाललंय हे तुम्हाला माहीत आहे का, आणि तुम्ही त्यात काही केलंत का, हे बघतात. म्हणून छंदात 'वाचन, ट्रेकिंग' असं शोभेचं लिहू नका. न वाचलेल्या पुस्तकावर तिसरा प्रश्न आला की सगळं कोसळतं.

इंग्रजीचं सांगतो. मराठी माध्यमाची मुलं याच भीतीने अर्ज भरत नाहीत. तिथे साधं, थेट इंग्रजी चालतं, अलंकारिक लागत नाही. अडखळलात तर चालतं, थांबलात तर अडचण होते. रोज अर्धा तास मित्राशी इंग्रजीत भांडा, लाज गेली की भाषा येते. सहा महिने पुरतात, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स आणि निकाल. तुमचा चेस्ट नंबर पुकारला तर मिलिटरी हॉस्पिटलात तपासणी, नाहीतर रेल्वे स्टेशन. त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदा गेलात तर प्रवासखर्च मिळतो, तिकीट जपून ठेवा. आणि शिफारस झाली म्हणजे निवड झाली असं नव्हे. लेखी आणि एसएसबीचे गुण मिळून गुणवत्ता यादी लागते, त्यानंतरच पेढे वाटा.

६. जवान व्हायचं ठरलं तर

आधी ऑनलाइन सामायिक प्रवेश परीक्षा, मग मैदान. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. जनरल ड्युटीला दहावी ४५ टक्के लागतात, क्लार्कला बारावी ६० टक्के. मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आलात तर पूर्ण ६० गुण, दहा पुल-अपला ४०, शिवाय नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स. आपल्याकडची मुलं धावण्यात कमी पडत नाहीत, पुल-अपला पडतात आणि लेखीला पडतात. नुसतं पळत राहू नका.

अर्ज तुमच्या जिल्ह्याच्या भरती कार्यालयाखालीच करायचा. कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी कार्यालयं आहेत, सातारा-सांगली-सोलापूर आणि कोकणातले दक्षिणेकडचे जिल्हे कोल्हापूरकडे येतात.

पदवीधरांसाठी आणखी एक मधली वाट आहे: गणित घेऊन पदवी झालेल्यांना हवालदार सर्व्हेअर, आणि बी.एड. झालेल्यांना हवालदार एज्युकेशन. वय २० ते २५. जाहिराती रोज निघत नाहीत, पण नजर ठेवा.

नियमित जवानाला पुढे आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे अधिकारी होता येतं, आणि असे अधिकारी फार चांगले निघतात. मात्र ड्युटी सांभाळून अभ्यास, मर्यादित जागा आणि तीच एसएसबी. आज पदवी हातात असताना सीडीएस टाळून 'आतून जाऊ' म्हणणं म्हणजे लांबचा रस्ता धरणं.

एक कळकळीची सूचना: पैसे देऊन भरती होत नाही. एजंट तुमच्या गुणांवर पैसे लावतो. तुम्ही स्वतः पास झालात तर ते पैसे ठेवून घेतो, नापास झालात तर फोन बंद करतो. जमीन गहाण टाकून पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत. मूळ गुणपत्रिका तर कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

७. वैद्यकीय तपासणी आधी घरी करून घ्या

कानातला मळ, गुडघ्याला गुडघा लागणं, सपाट तळवे, नाकाचं वाकडं हाड, व्हेरिकोसील, हायड्रोसील, हाताला जास्त घाम, रंगांधळेपणा, जास्त वजन ही नेहमीची कारणं. यातल्या कित्येकांवर साधा उपाय किंवा छोटी शस्त्रक्रिया असते, पण ती सहा महिने आधी व्हायला हवी. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कान, डोळे, दात आणि सर्जन यांना एकदा दाखवा. हातावर नाव, देव, किल्ला काहीही गोंदवू नका: टॅटूला फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे परवानगी आहे. अपात्र ठरलात तर अपील करता येतं, मुदत हातात दिलेल्या कागदावर असते. तिथेच वाचा.

८. कागदपत्रं

- दहावी, बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र
- पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला, आधार
- अधिवास दाखला, असल्यास जातीचा दाखला
- सरपंच किंवा पोलीस पाटलांकडून चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला, सहा महिन्यांच्या आतला
- एनसीसी, खेळाची प्रमाणपत्रं
- वडील सैन्यात असतील तर नात्याचा दाखला, जो त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागवावा लागतो, त्याला वेळ लागतो
- एकाच दिवशी काढलेले भरपूर पासपोर्ट फोटो

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि कुठेतरी वडिलांचं नाव राहून गेलेलं असतं. स्पेलिंगही दोन तऱ्हेचं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि लोकसेवा आयोगाची नोंदणी करताना तेच नाव अक्षरशः तसंच लिहा.

९. शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक

तुम्ही आज तिसऱ्या वर्षाला असाल आणि वयात बसत असाल, तर दोन्ही अर्ज भरा. सप्टेंबरची सीडीएस द्या, हुकली तर एप्रिलची. अग्निवीरची परीक्षा मधे आली तर तीही द्या, सामान्य ज्ञान आणि गणिताची तयारी सारखीच आहे. अग्निवीर म्हणून निवड होऊन बोलावणं आलं आणि पदवीचं एक सत्र उरलं असेल, तर घाईत होकार देण्याआधी हिशोब करा: सीडीएससाठी तुमची किती वर्षं शिल्लक आहेत? तीन-चार असतील आणि घरची चूल तुमच्यावर अवलंबून नसेल, तर मी पदवी पूर्ण करायला सांगेन. घरी पैशांची निकड आज असेल तर अग्निवीर घ्या आणि उरलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून पूर्ण करा.

विद्यापीठाचे निकाल उशिरा लागतात आणि अकॅडमीला पदवीचा पुरावा ठरलेल्या तारखेच्या आत लागतो. जुना विषय राहिला असेल तर तो पहिल्याच संधीला सोडवा, आणि परीक्षा संपल्या त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या सहीचं 'परीक्षा दिली, निकाल प्रतीक्षेत' असं पत्र घेऊन ठेवा, कारण मे महिन्यात कॉलेजच्या ऑफिसात सहीसाठी माणूस सापडत नाही.